फोनवर दोन सेकंदांत सापडणाऱ्या मेडिकल रिसर्चमागे एका फौजी डॉक्टरचं डोकं होतं

एखाद्या पेशंटचं दुखणं समजत नसेल, तर आजचा डॉक्टर काय करतो? फोन काढतो, पबमेड उघडतो आणि आजाराचं नाव टाकतो. जगभरात त्या आजारावर कुणी काय लिहिलंय त्याची यादी दोन सेकंदांत समोर येते. मेडिकल कॉलेजात थिसिस लिहिणाऱ्या प्रत्येक पोराला ही वेबसाइट पाठ असते.

पण या यादीची सुरुवात कॉम्प्युटरच्या कितीतरी आधी, कागद आणि पेन्सिलवर झाली होती. ती करणाऱ्या माणसाचं नाव होतं जॉन शॉ बिलिंग्ज.

एका थिसिसने डोकं फिरवलं

बिलिंग्जचा जन्म १२ एप्रिल १८३८ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. घरची परिस्थिती बेताची, पण वाचनाचं वेड प्रचंड. कॉलेजला जायचं म्हणून त्याने वडिलांशी चक्क सौदा केला. शिक्षणाचा खर्च तुम्ही करा, मग घरादारात मला वाटा नको, सगळं बहिणीला द्या.

ठरल्याप्रमाणे १८५७ मध्ये तो पदवीधर झाला आणि पुढे सिनसिनाटीच्या ओहायो मेडिकल कॉलेजात शिरला. पैशांची इतकी चणचण की एका हिवाळ्यात दूध आणि अंडी यांवरच दिवस काढले.

१८६० मध्ये डॉक्टर होण्यासाठी थिसिस लिहायचा होता. विषय निवडला फेफऱ्यावरच्या शस्त्रक्रियेचा. ऑपरेशन केल्यावर किती पेशंट बरे झाले, किती दगावले, हे त्याला आकड्यांत मांडायचं होतं. त्यासाठी आधीच्या केसेस हव्या होत्या आणि त्या विखुरल्या होत्या पुस्तकांत आणि मासिकांत.

सहा महिने तो तेच शोधत बसला. शेकडो पुस्तकं चाळली, दुसऱ्या शहरांतल्या लायब्ररींना पत्रं लिहिली. शेवटी त्याच्या तीन गोष्टी लक्षात आल्या. एक, एका विषयासाठी हजारभर पुस्तकं उपसण्यात माणसाचं आयुष्य जातं, आणि पुस्तकामागच्या सूचीवर भरवसा ठेवता येत नाही. दोन, जगात वैद्यकाची लाखावर पुस्तकं आहेत, पण ती सगळी एका छताखाली कुठेच नाहीत. तीन, अमेरिकेत तर बऱ्यापैकी म्हणावी अशी मेडिकल लायब्ररीसुद्धा नाही.

म्हणजे एखाद्या आजारावर इलाज सापडलेला असला, तरी तो कुठे छापलाय हे डॉक्टरला माहीत नसायचं. आणि त्याची किंमत पेशंट मोजायचा.

युद्ध संपलं आणि हातात आली लायब्ररी

तेवढ्यात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. बिलिंग्ज उत्तरेच्या फौजेत सर्जन झाला. चॅन्सेलर्सव्हिल आणि गेटिसबर्ग या भीषण लढायांत त्याने जखमींवर ऑपरेशनं केली. १८६४ च्या अखेरीला त्याची बदली वॉशिंग्टनला सर्जन जनरलच्या ऑफिसात झाली. सर्जन जनरल म्हणजे फौजेच्या वैद्यकीय विभागाचा मुख्य अधिकारी.

या ऑफिसात अधिकाऱ्यांसाठी एक छोटी लायब्ररी होती. पुस्तकं जेमतेम दोन हजारांच्या घरात. १८६५ मध्ये तिची जबाबदारी बिलिंग्जकडे आली. दुसऱ्या कुणी हे काम बाजूला टाकलं असतं. बिलिंग्जला मात्र आपला थिसिस आठवत होता.

नशिबानेही साथ दिली. युद्ध संपल्यावर लष्करी इस्पितळं बंद झाली आणि त्यांच्या फंडातले सुमारे ८० हजार डॉलर शिल्लक राहिले. ते लायब्ररीसाठी वापरायला मिळाले.

जागाही मिळाली, आणि तीही कुठे, तर फोर्ड्स थिएटरमध्ये. एप्रिल १८६५ मध्ये अब्राहम लिंकन यांच्यावर गोळी झाडली गेली ते हेच थिएटर. सरकारने ते ताब्यात घेतलं आणि तिथे फौजेचं वैद्यकीय म्युझियम, कागदपत्रं आणि ही लायब्ररी हलवली.

माळ्यावरची रद्दी मागवणारा अधिकारी

पैसे होते, पण हवं ते सगळं विकत घेता येईल इतके नव्हते. मग बिलिंग्जने पत्रांचा सपाटा लावला. डॉक्टर, मासिकांचे संपादक, मेडिकल सोसायट्या, कुणालाच सोडलं नाही. तुमच्याकडे जुने अंक पडलेत का? माळ्यावर धूळ खाणारी पुस्तकं आहेत का? आमच्याकडे दोन प्रती आहेत, एक घ्या आणि त्याबदल्यात दुसरं काही द्या. परदेशातली पुस्तकं मिळवायला अमेरिकी वकिलातींचीही मदत घेतली.

इतरांना रद्दी वाटायची ती मासिकं आणि पातळ चोपडी त्याला जास्त महत्त्वाची वाटायची. कारण नवीन शोध आधी मासिकात येतो आणि पुस्तकात पोचायला त्याला वर्षं लागतात.

दहाएक वर्षांत दोन हजारांची लायब्ररी ४० हजारांवर गेली. १८९५ मध्ये बिलिंग्जने ती सोडली तेव्हा ग्रंथांचा आकडा लाखाच्या पुढे होता.

पण पुस्तकं जमवून भागत नाही

खरी अडचण इथून पुढे होती. लाख पुस्तकांच्या ढिगातून हवा तो लेख काढायचा कसा? थिसिसच्या वेळचीच अडचण आता आणखी मोठी झाली होती.

बिलिंग्जने ठरवलं की पुस्तकांच्या नावांवर थांबायचं नाही, मासिकांतल्या एकेका लेखाचीही नोंद करायची. तो मासिकांचे गठ्ठे घरी न्यायचा. रात्री बसून एकेक अंक चाळायचा आणि कामाच्या लेखावर पेन्सिलने खूण करायचा. दुसऱ्या दिवशी ऑफिसातले कारकून ते लेख कार्डांवर उतरवायचे. मग ती कार्डं लेखक आणि विषय यांनुसार अक्षरांच्या क्रमाने लावली जायची.

हे छापायला मात्र संसदेकडून पैसा हवा होता. बिलिंग्जने १८७६ मध्ये सूचीचा छोटा नमुना छापला आणि डॉक्टरांना पाठवला. ही वस्तू काय कामाची आहे हे त्यांना लगेच कळलं आणि डॉक्टरांनीच खासदारांच्या मागे लकडा लावला. १८८० मध्ये ‘इंडेक्स कॅटलॉग’चा पहिला खंड आला. १८९५ पर्यंत १६ खंड झाले.

यात एक गोची होती. ‘ए’ अक्षराचा खंड १८८० चा, ‘झेड’चा १८९५ चा. मग १८८१ मध्ये ‘ए’वरून सुरू होणाऱ्या आजारावर नवीन लेख आला तर तो डॉक्टरला कळणार कधी?

त्यावरचा उपाय बिलिंग्जने आधीच, १८७९ मध्ये सुरू केला होता. सहकारी डॉक्टर रॉबर्ट फ्लेचर यांच्यासोबत त्याने ‘इंडेक्स मेडिकस’ नावाचं मासिक काढलं. त्या महिन्यात जगभरात वैद्यकावर काय छापून आलं, त्याची विषयवार यादी. म्हणजे त्या काळचं पबमेडच.

हा उद्योग सरकारी नव्हता, वर्गणीवर चालायचा. वर्गणीदार कमी आणि छपाईचा खर्च मोठा. रेटत रेटत २० वर्षं चाललं आणि १८९९ मध्ये बंद पडलं. पॅरिसमधल्या काही डॉक्टरांनी तशीच सूची काढून पाहिली, पण तीही टिकली नाही. शेवटी १९०३ मध्ये वॉशिंग्टनच्या कार्नेगी इन्स्टिट्यूशनने पैसा दिला आणि ‘इंडेक्स मेडिकस’ पुन्हा सुरू झालं.

इमारतीचा धोका खरा ठरला

फोर्ड्स थिएटरची इमारत या संग्रहासाठी सुरक्षित नव्हती. बरीच खटपट केल्यावर नवीन इमारत मंजूर झाली आणि १८८७ मध्ये लायब्ररी तिथे गेली.

सहा वर्षांनी, ९ जून १८९३ ला फोर्ड्स थिएटरचे मजले आतून कोसळले. तिथे काम करणारे २२ सरकारी कारकून ठार झाले. लायब्ररी तिथेच राहिली असती तर काय झालं असतं, हे वेगळं सांगायला नको.

एक माणूस, किती कामं?

हे सगळं चालू असताना बिलिंग्जने बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलचा आराखडा तयार केला. १८८९ मध्ये ते उघडलं. तिथे विल्यम ऑस्लर यांना आणण्यासाठी तो त्यांच्या घरी गेला आणि काही मिनिटांत होकार घेऊन बाहेर पडला. पुढे ऑस्लर आधुनिक वैद्यकशिक्षणातलं मोठं नाव झाले.

१८८० च्या जनगणनेत आजार आणि मृत्यूंच्या आकड्यांचं काम त्याच्याकडे होतं. हे मोजायला मशीन हवं, ही कल्पना त्याने हर्मन हॉलरिथ या तरुणापुढे मांडली. हॉलरिथने कार्डं मोजणारं मशीन बनवलं, १८९० च्या जनगणनेत ते वापरलं गेलं आणि त्याची कंपनी पुढे आयबीएमचा भाग झाली.

१८९६ मध्ये तो न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीचा पहिला संचालक झाला. तिथल्या भव्य इमारतीचं पहिलं कच्चं चित्र त्यानेच काढलेलं. शहरभर शाखा उघडण्यासाठी अँड्र्यू कार्नेगी यांच्याकडून १९०१ मध्ये ५२ लाख डॉलर मिळवले. इमारत १९११ मध्ये लोकांसाठी खुली झाली. ११ मार्च १९१३ ला बिलिंग्जचं निधन झालं.

पुढे काय झालं?

सर्जन जनरलच्या लायब्ररीची १९५६ मध्ये नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिन झाली. १९६४ मध्ये ‘इंडेक्स मेडिकस’चं काम कॉम्प्युटरवर गेलं, १९७१ मध्ये मेडलाइन आली आणि १९९७ मध्ये पबमेड सगळ्या जगासाठी फुकट खुलं झालं. आज तिथे साडेतीन कोटींहून जास्त नोंदी आहेत. छापील ‘इंडेक्स मेडिकस’ २००४ मध्ये थांबलं.

बिलिंग्जच्या नावावर कुठलं औषध नाही की कुठली लस नाही. पण दुसऱ्याने शोधलेलं औषध तिसऱ्या डॉक्टरला वेळेत सापडावं, याची सोय त्याने लावून दिली. आज एखाद्या तालुक्याच्या गावातला डॉक्टर पेशंट समोर बसलेला असताना फोनवर शोधू शकतो, ते त्या पेन्सिलच्या खुणांमुळे.