काचेचा जाणकार, कामगारांचा कैवारी : एर्न्स्ट आबे



आपले बेळगाव हे पलटणीचे गाव. मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र इथेच असल्यामुळे फौजेतून निवृत्त झालेले आजोबा आपल्यापैकी अनेकांच्या घरी किंवा शेजारी असतात. त्यांच्या ट्रंकेत पदके असतात, जुने फोटो असतात, आणि नशीब असेल तर चामड्याच्या पेटीत एक जडशी दुर्बीणही सापडते.

अशा जुन्या फौजी दुर्बिणी, तोफखान्याची अंतर मोजण्याची यंत्रे, बंदुकीवर बसवायच्या नेमबाजीच्या दुर्बिणी हौसेने जमवणारे लोक जगभर आहेत. अशी वस्तू हाती आली की ते आधी तिच्यातून बघत नाहीत. तिच्यावर काय कोरले आहे ते बघतात. रुंद टोकाच्या बाणाची खूण असेल तर ती ब्रिटिश सरकारची मालमत्ता. बी-एल-सी ही तीन रोमन अक्षरे असतील तर दुसऱ्या महायुद्धातला जर्मन माल; कारखान्याचे नाव शत्रूला कळू नये म्हणून ही सांकेतिक अक्षरे घालत. आणि सरळ ‘कार्ल झाइस, येना’ असे नाव दिसले की संग्राहकाचा चेहरा खुलतो. मग तो क्रमांकावरून दुर्बिणीचे वय शोधायला लागतो. बी-एल-सी हाही त्याच कारखान्याचा संकेत.

नाव झाइस यांचे असले तरी त्या काचांमागचे शास्त्र एका प्राध्यापकाचे होते. त्यांचे नाव दुर्बिणीवर कुठेच नाही. त्या एर्न्स्ट आबे यांची ओळख या अंकात आम्ही करून देत आहोत.

आबे यांचा जन्म 23 जानेवारी 1840 रोजी जर्मनीतील आयझेनाख या गावी झाला. वडील सूतगिरणीत कामाला होते. त्या काळी तिथे दिवसाला चौदा, पंधरा, काम जास्त असले तर सोळा तास उभे राहावे लागे. जेवणाची सुट्टी नसे. लहानगा एर्न्स्ट आणि त्याची बहीण आळीपाळीने डबा घेऊन गिरणीत जात. वडील यंत्राला टेकून उभ्यानेच चार घास घाईघाईने खात, रिकामे भांडे मुलाच्या हाती देत आणि लगेच कामाला लागत. उंच, धिप्पाड असलेले हे वडील अठ्ठेचाळीसाव्या वर्षीच म्हातारे दिसू लागले होते. हे दृश्य आबे आयुष्यभर विसरले नाहीत. त्यांच्या पुढच्या कर्तृत्वाचे मूळ इथेच आहे, असे आम्हाला वाटते.

मुलगा हुशार होता. गिरणीच्या मालकांनी त्याच्या शिक्षणाला मदत केली. 1857 साली शालेय शिक्षण संपवून तो येनाच्या आणि नंतर गटिंगेनच्या विद्यापीठात गेला. गटिंगेनला रीमान आणि वेबर यांच्यासारखे नामवंत गुरू लाभले. 1861 साली डॉक्टरेट मिळाली आणि 1863 पासून आबे येना विद्यापीठात शिकवू लागले.

त्याच गावात कार्ल झाइस नावाचे कारागीर 1846 पासून सूक्ष्मदर्शक बनवत होते. त्या वेळी भिंगे बनवण्याची पद्धत अंदाजाची होती. काच घासायची, बसवायची, बघायची, जमले नाही तर दुसरी घासायची. एक चांगला सूक्ष्मदर्शक झाला तरी तसाच दुसरा होईल याची खात्री नसे. झाइस यांना हे खटकत होते. 1866 साली ते आबे यांच्याकडे आले. भिंगाचा आकार आधी गणिताने ठरवावा आणि मग कारागिराने तसाच घडवावा, अशी त्यांची अपेक्षा होती.

आबे यांनी काम हाती घेतले आणि पहिल्याच टप्प्यात ते फसले! गणिताने काढलेली भिंगे जुन्या अंदाजाच्या भिंगांपेक्षा कमी तपशील दाखवू लागली. दुसरा कुणी असता तर गणित सोडून दिले असते. आबे यांनी आपण चुकलो कुठे याचाच शोध घेतला. भिंगातील दोष कमी व्हावेत म्हणून त्यांनी प्रकाश आत येण्याचा मार्ग अरुंद ठेवला होता. बारीक तपशील दिसण्यासाठी मात्र वस्तूपासून पसरणारा जास्तीत जास्त रुंद कोनातला प्रकाश भिंगात यायला हवा असतो. यातूनच सूक्ष्मदर्शकाने किती बारीक वस्तू दिसू शकते याची मर्यादा त्यांना सापडली. हा सिद्धान्त त्यांनी 1873 साली मांडला. आजही भौतिकशास्त्राचे विद्यार्थी तो शिकतात. येनातील त्यांच्या स्मारकावर हे सूत्र कोरलेले आहे.

आता अडचण काचेची होती. गणित सांगत होते तशी काच बाजारात मिळतच नव्हती. ओटो शॉट या तरुण रसायनतज्ज्ञाने 1879 साली आपण बनवलेल्या नव्या काचेविषयी आबे यांना पत्र लिहिले. पुढे 1884 साली येनात काचेची प्रयोगशाळा उभी राहिली. कारागीर झाइस, गणिती आबे आणि रसायनतज्ज्ञ शॉट असे त्रिकूट जमले. क्षयाचे जंतू 1882 साली जगाला दाखवणारे रॉबर्ट कॉख झाइसचीच भिंगे वापरत होते. सूक्ष्मदर्शकातील आपल्या सुधारणांचे पेटंट आबे घेत नसत. ज्ञान सर्वांच्या उपयोगी पडावे, असे त्यांचे मत होते.

दुर्बिणीची गोष्ट थोडी निराळी आहे. त्यापूर्वीची दोन डोळ्यांची दुर्बीण चारपाच पटींपेक्षा मोठे दाखवू लागली की दिसणारा भाग अगदी चिंचोळा होई. आबे यांनी प्रत्येक नळीत दोन लोलक बसवले. प्रकाश आत चार वेळा वळतो. त्यामुळे लांब नळीचे काम आखूड नळीत होते आणि उलटी प्रतिमा सुलटी होते. पेटंटसाठी अर्ज केला तेव्हा मात्र कळले की इग्नाझिओ पोरो या इटालियन अभियंत्याने चाळीसेक वर्षांपूर्वीच ही कल्पना मांडली होती. त्या काळी तशी काच आणि तसे कारागीर नव्हते, म्हणून ती मागे पडली होती. आबे यांना पेटंट मिळाले ते पुढची भिंगे डोळ्यांपेक्षा अधिक अंतरावर ठेवण्याच्या युक्तीचे. त्यामुळे दूरच्या वस्तूंतले पुढचे-मागचे अंतर चांगले उमगते. 1894 साली ही दुर्बीण विक्रीला आली. आजोबांच्या ट्रंकेतली दुर्बीण कोणत्याही कंपनीची असो, तिच्या नळ्या मध्येच खांद्यासारख्या बाहेर आलेल्या असतील तर ती याच घराण्यातली समजावी.

सैन्यांना असे साधन हवेच होते. खंदकात लपून वर डोकावणाऱ्या कात्रीसारख्या दुर्बिणी आल्या, अंतर मोजणारी यंत्रे आली. 1914 साली पहिले महायुद्ध पेटले आणि जर्मनीची काच बंद झाली, तेव्हा ब्रिटनला दुर्बिणी कमी पडू लागल्या. कानपूरला जन्मलेले वृद्ध सेनापती लॉर्ड रॉबर्ट्स यांना, लोकांनी आपापल्या दुर्बिणी सैन्याला उसन्या द्याव्यात, असे आवाहन करावे लागले.

पण आबे यांचे सर्वांत मोठे काम काचेचे नव्हे. कारखान्यात भागीदार झाल्यावर ते श्रीमंत झाले होते. 1888 साली झाइस वारले. दुसऱ्याच वर्षी आबे यांनी ‘कार्ल झाइस प्रतिष्ठान’ स्थापन केले. स्वतःचे नाव न देता दिवंगत सहकाऱ्याचे दिले. 1891 साली आपली मालकी त्यांनी या प्रतिष्ठानाला देऊन टाकली आणि स्वतः पगारी अधिकारी म्हणून काम करू लागले.

1896 साली त्यांनी प्रतिष्ठानाची घटना लिहिली. नेमणूक करताना कुणाचा वंश, धर्म किंवा राजकीय पक्ष पाहायचा नाही. कामगाराला पगारी रजा, निवृत्तिवेतन आणि नफ्यात वाटा द्यायचा. वरिष्ठांचा पगार अनुभवी कामगाराच्या सरासरी मिळकतीच्या दहा पटींपेक्षा जास्त असायचा नाही. विद्यापीठाला पैसा द्यायचा, गावासाठी खर्च करायचा. 1903 साली येनात सर्वांसाठी लोकगृह उघडले, तिथे वाचनालय होते.

1 एप्रिल 1900 पासून कारखान्यात नऊऐवजी आठ तासांचा दिवस सुरू झाला. उत्पादन घटेल, अशी भीती सगळ्यांना होती. आबे यांनी ताशी कामाचे आकडे मांडून पाहिले. ताशी काम सुमारे 16 टक्क्यांनी वाढले होते, म्हणजे आठ तासांत नऊ तासांपेक्षा थोडे जास्तच काम होत होते. सोळा तास उभे राहणाऱ्या बापाच्या मुलाने दिलेले हे उत्तर होते.

14 जानेवारी 1905 रोजी आबे वारले.

इथेच थांबलो असतो तर चरित्र गोड झाले असते. पण विद्यार्थ्यांपासून पुढची हकिकत लपवणे आम्हाला योग्य वाटत नाही. दोन्ही महायुद्धांत या कारखान्याने सैन्यासाठी प्रचंड माल बनवला. दुसऱ्या महायुद्धात तर तिथे परदेशांतून आणलेल्या माणसांकडून सक्तीने काम करून घेतले गेले. ज्या संस्थेच्या घटनेत कामगाराचा मान लिहिला होता, तिथेच हे घडले. 1945 साली अमेरिकन सैन्याने निवडक तज्ज्ञांना पश्चिमेकडे नेले, नंतर रशियनांनी यंत्रसामग्री उचलून नेली. कारखान्याचे दोन तुकडे झाले. जर्मनी 1990 साली एक झाल्यावर ते पुन्हा जोडले गेले.

घटना कितीही चांगली लिहिली तरी ती पाळणारी माणसे प्रत्येक पिढीत नव्याने घडवावी लागतात. आमच्यासारख्या शाळा चालवणाऱ्यांनी, पालकांनी आणि विश्वस्तांनीही हे लक्षात ठेवावे.

मित्रहो, घरात जुनी दुर्बीण असेल तर परवानगी घेऊन ती बघा. भिंगे फडक्याने खसाखसा पुसू नका, मऊ ब्रशाने धूळ झटका. स्वतः उघडू नका, लोलक हलले तर एकाच्या दोन वस्तू दिसू लागतात. आपल्याकडचा पाऊस जोराचा, काचेवर बुरशी धरते, म्हणून दमट जागी ठेवू नका. तिच्यातून सूर्याकडे कधीही पाहू नका. आणि ती कुठून आली, कुणी कुठे वापरली, हे आजोबांना विचारून वहीत लिहून ठेवा. कोरलेल्या क्रमांकावरून दुर्बिणीचे वय कळते. तिच्या मालकाची हकिकत मात्र विचारल्याशिवाय कळत नाही.