पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली

१२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत जन्मलेले सालिम अली बालपणीच पोरके झाले. मामांनी त्यांचे पालन केले. छऱ्याच्या बंदुकीने टिपलेल्या पिवळ्या कंठाच्या चिमणीची ओळख पटविण्यास ते मुंबईच्या निसर्ग-इतिहास संस्थेत गेले आणि शिकारी मुलगा पक्ष्यांचा अभ्यासक झाला. १९३० मध्ये नोकरी नसताना अलिबागेजवळील किहीम येथे त्यांनी सुगरण पक्ष्याच्या घरट्यांचे निरीक्षण केले. भरतपूरची पाणथळ जागा शेतीपायी नष्ट होऊ पाहत होती, तेव्हा पंडित नेहरूंकडे रदबदली करून त्यांनी ती वाचविली. शरदात उत्तरेकडील बदके आजही तेथे उतरतात. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले. आम्हां फरीदाबादकरांनी बडखल तलाव कोरडा पडलेला पाहिला आहे. म्हणूनच त्यांच्या ऋणाचे मोल आम्हांस अधिक जाणवते.