कमल रणदिवे

डॉ. कमल जयसिंग रणदिवे (माहेरचे नाव: कमल समर्थ, ८ नोव्हेंबर, १९१७ - ११ एप्रिल, २००१) या भारतीय पेशीशास्त्रज्ञ व कर्करोग संशोधक होत्या. त्यांचा जन्म पुण्यात झाला. मुलीने डॉक्टर व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी मात्र फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र निवडले. १९४९ मध्ये डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

निरोगी पेशींची वाढ व हालचाल संप्रेरके आणि शेजारच्या पेशी यांच्या नियंत्रणात असते. कर्कपेशी हे बंधन झुगारते, रक्त वा लसिकेवाटे दूरच्या इंद्रियांत जाऊन रुजते. रोग जीवघेणा होतो तो बहुधा यामुळेच. जिवंत पेशी शरीराबाहेर, काचपात्रात वाढवल्यास त्यांचे वर्तन सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येते. हे तंत्र रणदिवे यांनी बाल्टिमोर येथे जॉर्ज ओटो गाय यांच्या प्रयोगशाळेत आत्मसात केले. परतल्यावर मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. त्यांचे सर्वांत मोठे कार्य हेच मानावे लागेल. स्तनांच्या कर्करोगाशी आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांचा असलेला संबंध त्यांनी उंदरांवरील प्रयोगांतून अभ्यासला.

१९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालक होत्या. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळाले.