संडास साफ करायचं काम मिळावं म्हणून तुरुंगात हट्ट धरणारे ‘कोकणचे गांधी’ आणि आजचा कचऱ्यातला गॅस

शेण, पेंढा, ओला कचरा यांच्यापासून गॅस बनवा, तो सरकारी तेल कंपन्या विकत घेतील, अशी हमी देणारी ‘सतत’ योजना १ ऑक्टोबर २०१८ ला सुरू झाली. पण घाणीला किंमत असते, हे कोकणातल्या एका माणसाने फार आधी ओळखलं होतं. सीताराम पुरुषोत्तम पटवर्धन, म्हणजेच आप्पासाहेब.

जन्म १८९४ चा, रत्नागिरी जिल्ह्यातला. शिकून प्राध्यापक झाले आणि नोकरी सोडून गांधीजींकडे गेले. इथवरची गोष्ट त्या काळातल्या बऱ्याच तरुणांची आहे. आप्पा वेगळे ठरले ते १९३२ मध्ये.

तेव्हा ते रत्नागिरीच्या तुरुंगात होते. कैद्यांचा मैला उचलायचं काम ठरावीक जातींच्या कैद्यांनाच दिलं जायचं. आप्पा जातीने ब्राह्मण, त्यांनी ते काम मागून घेतलं. तुरुंगाने नाही म्हटलं, तर आप्पांनी जेवण कमी केलं. ही बातमी येरवड्यात गांधीजींना कळली आणि डिसेंबरात त्यांनीही उपोषण सुरू केलं. लगेचच सरकार नरमलं.

स्वातंत्र्यानंतर, १९४८ मध्ये त्यांनी कणकवलीजवळ गोपुरी आश्रम उभा केला. मेलेली जनावरं सोलणं, कातडी कमावणं, मैल्याचं सोनखत करणं, अशी लोक ज्याला नाक मुरडतात ती सगळी कामं तिथे चालायची. दुसऱ्याचा मैला कुणाला डोक्यावरून वाहावाच लागू नये, असे संडास बांधणं हा आप्पांचा ध्यासच होता. शेण आणि मैल्यापासून गॅस हे त्याचंच पुढचं पाऊल.

यात जादू काही नाही. हवाबंद टाकीत शेण-मैला कुजला की जिवाणू मिथेन तयार करतात. गॅस चुलीला जातो, उरलेला राडा शेताला. देहूचे डॉक्टर शिवानंद मापुसकर यांनी पुढे हेच काम हाती घेतलं आणि मैल्यावर चालणारं ‘मलप्रभा’ हे बायोगॅस संयंत्र विकसित केलं. देहूतल्या सफाई तंत्राच्या संस्थेला आप्पांचंच नाव आहे. मापुसकरांना २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. आप्पा स्वतः १९७१ मध्ये गेले.

मग आत्ताच सरकारी हमीची गरज का पडली?

घरामागच्या टाकीतला गॅस त्याच घरात जळतो, गिऱ्हाईक शोधावं लागत नाही. आजचे प्रकल्प मोठे. गॅसमधला कार्बन डायऑक्साइड काढून, दाब देऊन तो गाडीत भरण्याजोगा करायचा, त्यासाठी कर्ज काढायचं. बँक पहिला प्रश्न विचारते, घेणार कोण? गोंदियाच्या शेतकऱ्याला हे समजावून सांगावं लागणार नाही. आधारभूत केंद्रावर साधारण धानाला २०२५-२६ साठी क्विंटलला २,३६९ रुपये ठरलेत, म्हणून तो निदान हिशोब मांडून रोवणी करू शकतो. ‘सतत’मध्ये सुरुवातीला गॅसला किलोमागे ४६ रुपये ठरले होते.

तरी ५,००० प्रकल्पांचं उद्दिष्ट होतं, त्याच्या आसपासही आपण पोचलो नाही. कारण हमी गॅसची आहे, कच्च्या मालाची नाही. धानाचं तणीस निघतं काही आठवड्यांत, प्रकल्पाला ते वर्षभर लागतं. गोळा करणं, वाहणं, कोरडं ठेवणं हा सगळा खर्च वेगळाच. त्यात तणसात सिलिका जास्त, नुसतं टाकीत घातलं तर सहज कुजत नाही, शेण मिसळावं लागतं. उरलेलं खत कोण घेणार, हा आणखी एक प्रश्न. २०२५-२६ पासून शहरांत गॅस पुरवणाऱ्या कंपन्यांना १ टक्का असा गॅस मिसळणं बंधनकारक केलंय, २०२८-२९ पर्यंत हे प्रमाण ५ टक्क्यांवर जाईल. म्हणजे गिऱ्हाईक वाढतंय.

पण शहरातला ओला कचरा या टाकीत जायचा तर आधी त्यातलं प्लॅस्टिक, काचा, डायपर वेगळे व्हायला हवेत. ते आपण घरी केलं नाही, तर पुढे कुणीतरी हाताने करतं. तो कुणीतरी बहुतेक वेळा आजही त्याच वस्त्यांमधून येतो, ज्यांच्या वाट्याचं काम आप्पांनी रत्नागिरीच्या तुरुंगात मागून घेतलं होतं.