जिवंतपणीच निघालेली अंत्ययात्रा

दोस्तांनो, तुम्ही चांगले धडधाकट आहात आणि गावातली माणसं तुमचीच प्रेतयात्रा काढतायत, अशी कल्पना करून बघा! पुण्यात गोपाळ गणेश आगरकरांच्या वाट्याला हे खरोखर आलं. त्यांचा गुन्हा? हा माणूस सारखं 'का?' विचारायचा.

आगरकर १८५६ साली कराडजवळच्या टेंभू गावात जन्मले. घरात कमालीची गरिबी. अकोल्यात शाळा संपवून ते पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आले, तेव्हा अंगावरचा एकच सदरा रात्री धुवायचा आणि सकाळी पुन्हा तोच घालायचा, असे दिवस होते. तिथे त्यांनी मिल आणि स्पेन्सर हे तत्त्वज्ञ वाचले. ते परीक्षेपुरते वाचून त्यांना सोडून देता आले असते. पण पुस्तकातली तर्काची फूटपट्टी आगरकरांनी थेट जगण्याला लावली.

पहिला प्रश्न स्वतःलाच होता: या शिक्षणाचं करायचं काय? एम.ए. झालेल्याला तेव्हा सरकारी नोकरी आणि भरपूर पगार सहज मिळायचा. आगरकरांनी मात्र आईला पत्र लिहून श्रीमंतीची आशा ठेवू नकोस असं कळवलं आणि टिळक-चिपळूणकरांच्या शाळेत शिकवायला गेले. १८८१ मध्ये ते 'केसरी'चे पहिले संपादक झाले. पुढच्याच वर्षी कोल्हापूर प्रकरणात टिळकांसोबत १०१ दिवस डोंगरीच्या तुरुंगात राहिले.

दुसरा प्रश्न जास्त अवघड होता, कारण तो आपल्याच माणसांना विचारायचा होता. बायको गेली की पुरुष लगेच बोहल्यावर चढतो, मग विधवेचंच केशवपन का? पोरीचं लग्न खेळण्याच्या वयात का? मुलामुलींना एकत्र आणि एकसारखं शिक्षण का नको? यातूनच जिवलग मित्र टिळकांशी बिनसलं. १८८७ मध्ये 'केसरी' सुटला आणि पुढच्या वर्षी आगरकरांनी स्वतःचं 'सुधारक' काढलं. शिव्या मिळाल्या, प्रेतयात्राही निघाली. दम्याने छाती भरून यायची, तरी लिहिणं थांबलं नाही. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. १८९५ मध्ये गेले तेव्हा वय होतं अवघं ३८.

आज तुमच्या वर्गात मुलं-मुली एकाच बाकावर बसतात, याचं कुणाला काही वाटतही नाही. त्या काळी नुसतं असं सुचवलं तरी लोक खवळायचे. तत्त्वज्ञानाचा उपयोग काय, असं कुणी विचारलं तर हा बाक दाखवा.

आणि हो, प्रश्न विचारायला फिलॉसॉफीला अॅडमिशन घ्यायची गरज नाही. घरात, कट्ट्यावर, ग्रुपवर कुणी 'आपल्यात असंच असतं' म्हणालं, की एकदा शांतपणे 'का?' विचारून बघा. फक्त आगरकरांसारखी सुरुवात स्वतःपासून करा. दुसऱ्याला विचारणं त्या मानाने सोपं असतं.