कर्णधार जयपालसिंह

मुलामुलींनो, हॉकीचे नाव काढले की तुम्हांला मेजर ध्यानचंद आठवतात. ते योग्यच आहे. पण भारताने ऑलिंपिकमध्ये हॉकीचे पहिले सुवर्णपदक जिंकले, तेव्हा संघाचा कर्णधार कोण होता, हे तुम्हांला माहीत आहे का? त्या कर्णधाराचे नाव होते जयपालसिंह मुंडा. एका खेळासाठी त्यांनी केवढी मोठी नोकरी पणाला लावली आणि पुढे आपल्या लोकांसाठी ते कसे लढले, ते आज आपण वाचू या.

सध्याच्या झारखंड राज्यात रांचीजवळ खुंटी नावाचे गाव आहे. त्या भागातील टकरा या छोट्या खेड्यात ३ जानेवारी १९०३ रोजी जयपालसिंहांचा जन्म झाला. त्यांचे कुटुंब मुंडा या आदिवासी जमातीचे होते. चहूकडे साल वृक्षांची दाट जंगले, मध्ये लहान लहान शेते आणि डोंगर, असा तो मुलूख. लहानपणी जयपाल गुरे राखत असे. पुढे त्याला रांचीच्या सेंट पॉल शाळेत घातले. तेथे त्याची हुशारी मुख्याध्यापकांच्या नजरेत भरली. हे इंग्रज गुरुजी मायदेशी परत निघाले, तेव्हा त्यांनी जयपालला पुढील शिक्षणासाठी आपल्याबरोबर नेले.

विचार करा, रानात गुरे राखणारा मुलगा ऑक्सफर्डसारख्या जगप्रसिद्ध विद्यापीठात शिकू लागला! तेथील सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. वादविवादात भाग घेतला. हॉकीत तर ते फारच चमकले. ते बचाव फळीत खेळत. समोरून चाल करून येणाऱ्या खेळाडूच्या काठीवरून चेंडू अलगद काढून घेण्यात त्यांचा हातखंडा होता. विद्यापीठाच्या उत्तम खेळाडूंना तेथे 'ब्लू' हा मान मिळतो. तो मान जयपालसिंहांना मिळाला.

त्या काळी आपल्या देशावर इंग्रजांचे राज्य होते. इंडियन सिव्हिल सर्व्हिस, म्हणजे आय. सी. एस., ही सर्वांत मोठ्या अधिकाराची नोकरी समजली जाई. या नोकरीतला माणूस जिल्ह्याचा कलेक्टर होई. मोठा पगार, मोठा बंगला आणि मोठा मान! जयपालसिंहांची या नोकरीसाठी निवड झाली. आता फक्त प्रशिक्षण पूर्ण करायचे राहिले होते.

तेवढ्यात १९२८ साल उजाडले. हॉलंडमधील ॲम्स्टरडॅम शहरात ऑलिंपिक सामने भरणार होते. भारताचा हॉकी संघ प्रथमच ऑलिंपिकमध्ये उतरणार होता. संघाजवळ पैसे थोडे होते. १० मार्च १९२८ रोजी मुंबई बंदरातून तेरा खेळाडू बोटीने निघाले, तेव्हा त्यांना निरोप द्यायला अवघी तीन माणसे आली होती. संघाचे कर्णधारपद इंग्लंडमध्ये असलेल्या जयपालसिंहांना देण्यात आले.

त्यांनी सरकारकडे रजा मागितली. सरकारने ती नाकारली. आता काय करायचे? एका बाजूला जन्मभराची नोकरी होती. दुसऱ्या बाजूला देशाच्या पहिल्या संघाचे कर्णधारपद होते. सांगा पाहू, त्यांच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते? जयपालसिंहांनी मनाशी निश्चय केला. रजा न मिळताच ते ॲम्स्टरडॅमला गेले.

तो संघही पाहण्यासारखा होता. त्यात ध्यानचंद होते, फिरोज खान आणि शौकत अली होते, केहरसिंग गिल होते, गोलरक्षक रिचर्ड ॲलन होते. हिंदू, मुसलमान, शीख, अँग्लो-इंडियन असे सारे खेळाडू एका आदिवासी कर्णधाराच्या हाताखाली एकदिलाने खेळू लागले. भारताने ऑस्ट्रिया, बेल्जियम, डेन्मार्क आणि स्वित्झर्लंड या संघांना ओळीने हरवले. अंतिम सामन्याआधी मात्र जयपालसिंह संघातून बाहेर पडले. त्यामुळे त्या सामन्यात पिनिगर यांनी संघाचे नेतृत्व केले. २६ मे १९२८ रोजी भारताने यजमान हॉलंडचा तीन गोलांनी पराभव केला आणि सुवर्णपदक जिंकले. साऱ्या स्पर्धेत भारताने २९ गोल केले. त्यांपैकी १४ एकट्या ध्यानचंदांचे होते. भारतावर मात्र कोणालाही एकसुद्धा गोल करता आला नाही. संघ मुंबईला परतला, तेव्हा स्वागताला प्रचंड गर्दी लोटली होती. निरोपाची ती तीन माणसे आठवतात ना?

जयपालसिंह प्रशिक्षणाला परत गेले. विनापरवानगी गेल्याबद्दल त्यांना आणखी एक वर्ष प्रशिक्षण घ्यावे लागेल, असे सांगण्यात आले. त्यांना ही शिक्षा अन्यायाची वाटली. त्यांनी आय. सी. एस.ची नोकरीच सोडून दिली.

नंतर त्यांनी एका तेल कंपनीत काम केले. आफ्रिकेत आज घाना म्हणून ओळखल्या जाणाऱ्या देशात आणि रायपूरला अध्यापन केले. बिकानेर संस्थानातही ते अधिकारी होते. सुखाचे दिवस होते. पण आपल्या मुलखातील आदिवासींच्या जमिनी हातच्या जात आहेत, त्यांना शिक्षण नाही आणि त्यांचे ऐकणारे कोणी नाही, हे पाहून त्यांना चैन पडेना. १९३९ साली रांचीला आदिवासी महासभेचे ते अध्यक्ष झाले. लोक त्यांना प्रेमाने 'मरांग गोमके' म्हणू लागले. मुंडारी भाषेत याचा अर्थ थोर नेता असा आहे.

पुढे भारताचे संविधान लिहिण्यासाठी संविधान सभा भरली. जयपालसिंह तिचे सभासद झाले. डिसेंबर १९४६ मध्ये ते सभेत बोलायला उभे राहिले. जंगली हा शब्द तेव्हा हिणवण्यासाठी वापरत. तोच शब्द त्यांनी अभिमानाने स्वतःला लावून घेतला. आदिवासी या देशाचे जुने रहिवासी आहेत आणि पिढ्यान्‌पिढ्या सर्वांच्या विचाराने गावाचा कारभार चालवत आले आहेत. लोकशाही त्यांना कोणी शिकवण्याची गरज नाही, उलट इतरांनीच ती त्यांच्याकडून शिकावी, असे त्यांनी ठणकावून सांगितले. दया नको, बरोबरीचा हक्क हवा, हेच त्यांचे मागणे होते.

आदिवासी भागासाठी झारखंड हे वेगळे राज्य असावे, म्हणून त्यांनी झारखंड पक्ष काढला. १९५२ पासून अखेरपर्यंत ते लोकसभेचे सभासद होते. २० मार्च १९७० रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. तीस वर्षांनी, १५ नोव्हेंबर २००० रोजी झारखंड राज्य अस्तित्वात आले. ते पाहायला मरांग गोमके नव्हते.

मित्रांनो, झारखंडच्या खेड्यांत मुले आजही काठ्या घेऊन हॉकी खेळतात. काही ठिकाणी तर जिंकणाऱ्या संघाला बक्षीस म्हणून बकरा मिळतो. याच मातीतून १९७५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या संघातील मायकेल किंडो आणि १९८० च्या ऑलिंपिक सुवर्णपदक विजेत्या संघातील सिल्व्हानस डुंगडुंग पुढे आले. भारताच्या कनिष्ठ आणि वरिष्ठ संघांत या भागातील मुलामुलींनी स्थान मिळवले आहे.

जयपालसिंह कलेक्टर झाले असते, तर त्यांना बंगला आणि पगार मिळाला असता. तो त्यांनी गमावला. पण जो माणूस एका रजेसाठी सरकारपुढे वाकला नाही, तोच पुढे आपल्या लाखो बांधवांच्या हक्कांसाठी ताठ मानेने उभा राहिला. तुम्ही मैदानावर उतराल, तेव्हा या कर्णधाराची आठवण ठेवा.