क्रॅन्मरचा उजवा हात

इंग्लंडच्या इतिहासाच्या पाठ्यपुस्तकात थॉमस क्रॅन्मर हे नाव चार-पाच ओळींत येते आणि जाते. आठव्या हेन्रीला राणीपासून मोकळे करून देणारा आर्चबिशप, इंग्रजी प्रार्थनापुस्तकाचा कर्ता, आणि मेरी राणीच्या अमदानीत जाळला गेलेला हुतात्मा. परीक्षेपुरते एवढे पुष्कळ झाले. मला मात्र त्या 'हुतात्मा' शब्दापाशी थांबावेसे वाटले. कारण हा हुतात्मा मरणाआधी आपल्या मतांपासून एकदा नव्हे, अनेकदा माघार घेऊन चुकला होता. येशूच्या शिष्यांत यहूदाने गुरूला विकले आणि पेत्राने एका रात्रीत त्याला तीनदा नाकारले. यहूदाने फास लावून घेतला, पेत्राला क्षमा मिळाली. क्रॅन्मरला या दोघांपैकी कोणाच्या पंक्तीला बसवावे?

त्याचा जन्म १४८९ चा, नॉटिंगहॅमशायरमधील अ‍ॅस्लॉक्टन या खेड्यातला. केंब्रिजला तो शिकला आणि शिकवू लागला. लग्न केले म्हणून तेथली जागा गेली. पत्नी बाळंतपणात वारली, तेव्हा ती परत मिळाली. असाच पुस्तकांत राहिला असता, तर त्याचे नावही उरले नसते. पण १५२९ साली राजाच्या विवाहाच्या पेचावर त्याने एक तोड सुचवली: प्रश्न रोमच्या पोपकडे न नेता विद्यापीठांतील पंडितांना विचारावा. राजाला माणूस आवडला आणि १५३३ मध्ये क्रॅन्मर कँटरबरीचा आर्चबिशप झाला. त्याच वर्षी त्याने कॅथरीन राणीचा विवाह रद्द ठरवला. तिची मुलगी मेरी तेव्हा सतरा वर्षांची होती. आईचे राणीपद गेले आणि लवकरच मुलगी अनौरस ठरली. वाचकहो, या मुलीला विसरू नका.

राजा हाच धर्मसंस्थेचा ईश्वराने नेमलेला मुख्य, अशी क्रॅन्मरची मनापासूनची श्रद्धा होती. ती त्याने कुठवर पाळावी? अ‍ॅन बुलिनचा विवाह त्याने १५३३ मध्ये वैध ठरवला आणि १५३६ मध्ये राजाच्या मर्जीसाठी अवैध! तिच्यासाठी आणि पुढे मित्र क्रॉमवेलसाठी राजाला पत्र लिहिण्याचे धैर्य त्याने दाखवले खरे. दरबारात इतरांनी तोंडाला कुलूप लावले असताना ही लहान गोष्ट नव्हे. पण राजाने निकाल दिला की तो मान तुकवी. जर्मनीत असताना त्याने मार्गारेटशी गुपचूप दुसरे लग्न केले होते. १५३९ च्या कायद्याने धर्मगुरूचा विवाह गुन्हा ठरला, तेव्हा तिलाही त्याने माहेरच्या मुलखात पाठवून दिले. जॉन लँबर्ट हा प्रभुभोजनाविषयी वेगळे मत मांडी, म्हणून १५३८ साली जाळला गेला. त्याच्याविरुद्ध वाद घालणाऱ्यांत क्रॅन्मर होता, आणि काही वर्षांनी स्वतः क्रॅन्मर जवळजवळ त्याच मताचा झाला. अशी निष्ठा मला, खरे सांगायचे तर, आवडत नाही.

पण याच माणसाची दुसरी बाजू विलक्षण आहे. १५४३ साली त्याच्याच कँटरबरीच्या धर्मगुरूंनी त्याच्यावर पाखंडाचे आरोपपत्र रचले. राजाने त्याला टेम्स नदीवर आपल्या नावेत बोलावले आणि केंटमधला सर्वांत मोठा पाखंडी आपल्याला आता सापडला आहे, असे हसत म्हणत तो कागद त्याच्याच हातात ठेवला. चौकशीचा प्रमुखही त्यालाच नेमले! कागदपत्रांत दोन पत्रे निघाली. एक डोव्हरचा बिशप थॉर्नडन याचे, दुसरे क्रॅन्मरच्या पदरी असलेल्या बार्बर नावाच्या कायदेपंडिताचे. त्याच्या चिटणिसाने पुढे जे सांगितले त्यावरून कळते की, क्रॅन्मरने दोघांना बोलावून सल्ला विचारला: विश्वासातल्या माणसांनी धन्याचा घात केला तर काय करावे? दोघांनीही कडक शिक्षा सुचवली. मग त्याने त्यांचीच पत्रे त्यांच्यापुढे धरली. दोघे गुडघ्यांवर आले. त्याने त्यांना क्षमा केली. क्रॅन्मरचे वाईट करा म्हणजे तो जन्मभर तुमचा मित्र होईल, असे लोक बोलू लागले.

हे वाचताना मला आमच्या घरची गोष्ट आठवली. आजोबांनी एका कागदावर अंगठा उठवला आणि बांधालगतचे अर्धा एकर रान गेले. लिहून घेणारा भावकीतलाच. तरी आमच्याकडे कार्य असले की वडील पहिले बोलावणे त्याच्याकडे धाडतात. वडीलही अंगठाच उठवतात. घरात सही करणारी मी पहिली. त्यांची ही क्षमा मला पटत नाही, आणि क्रॅन्मरचीही पुरती पटली नाही. कारण पुढे काय झाले ते पाहा.

हेन्री १५४७ मध्ये वारला. बालराजा एडवर्डच्या काळात क्रॅन्मरच्या मनातल्या सुधारणा झाल्या. १५४९ मध्ये इंग्रजी प्रार्थनापुस्तक आले. १५५३ मध्ये एडवर्डही गेला. मरणोन्मुख पोराच्या आग्रहाखातर, मन घेत नसताना, क्रॅन्मरने मेरीला वारसा नाकारणाऱ्या कागदावर सही केली. पण गादीवर आली मेरीच! कँटरबरीच्या चर्चमध्ये लगेच जुना लॅटिन मास सुरू झाला आणि तो क्रॅन्मरने सुरू केला, अशी आवई उठली. मास सुरू करणारा होता थॉर्नडन, दहा वर्षांपूर्वी क्षमा मिळालेला थॉर्नडन! क्रॅन्मरने संतापून जाहीर खुलासा लिहिला, त्याच्या नकला लंडनभर फिरल्या, आणि त्याला टॉवरच्या तुरुंगात टाकण्यात आले.

पुढची अडीच वर्षे कैदेची. ऑक्सफर्डमध्ये १६ ऑक्टोबर १५५५ रोजी त्याचे सोबती लॅटिमर आणि रिडली जाळले गेले. ते त्याला पाहायला लावले. मग त्याला कोठडीतून काढून ख्राइस्ट चर्चच्या डीनच्या घरी पाहुण्यासारखे ठेवले. तेथे एक स्पॅनिश साधू रोज त्याच्याशी वाद घाली. छळापेक्षा हा पाहुणचार भारी पडला असावा. बाहेर सोबत्यांची राख आणि आत ऊब, अन्न, बोलायला विद्वान माणूस. म्हातारा खचला. त्याने माघारीचे कागद लिहून दिले. पहिले मोघम, पुढचे अधिकाधिक स्पष्ट, एकूण सहा.

चर्चच्या रिवाजाप्रमाणे पश्चात्ताप करणाऱ्याचा जीव सहसा वाचे. मेरीने तो वाचवला नाही. तिच्या आईचा विवाह मोडणारा हाच होता. तिच्या जागी मी असते तर काय केले असते, हे मला सांगता येत नाही.

२१ मार्च १५५६ चा दिवस पावसाचा होता. सेंट मेरी चर्चमध्ये त्याने शेवटची कबुली वाचायची होती. मजकूर आधी दाखवून घेतला होता. प्रार्थना झाली, राजनिष्ठेचा उपदेश झाला, आणि नेमक्या जागी तो कागद सोडून बोलू लागला. मरणाच्या भयाने लिहिलेले सगळे त्याने नाकारले. ज्या हाताने ते लिहिले तो आगीत आधी जाईल, असेही सांगितले. त्याला खाली ओढून खांबाकडे नेले. ज्वाला वर येताच त्याने उजवा हात त्यांत धरला. वय होते सहासष्ट.

मेरीने क्षमा केली असती, तर क्रॅन्मर माघार घेतलेलाच मेला असता का? मला वाटते, बहुधा होय. शत्रूंना इतक्या सहज क्षमा करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या हाताला मात्र ती दिली नाही.

सरकारने त्याच्या माघारीचे कागद छापून वाटले. त्यांत शेवटचे भाषण म्हणून दिले होते ते त्याने न केलेले, आधी ठरवून दिलेले. ऑक्सफर्डच्या लोकांनी खरे ऐकले होते, त्यामुळे ते कोणी फारसे मानले नाही. १५५८ मध्ये मेरी वारली आणि १५५९ मध्ये क्रॅन्मरचे प्रार्थनापुस्तक, थोड्या फरकाने, इंग्लंडच्या चर्चमध्ये परत आले. मार्गारेटने नंतर लग्न केले ते एडवर्ड व्हिटचर्च याच्याशी. प्रार्थनापुस्तक प्रथम छापणाऱ्यांपैकी तो एक होता.